नवे इंजिन रुळविणे : शहापूर–मुरबाडच्या रस्त्यांच्या संदर्भात एक विवेचन

१

नवी मोटार हाती आल्यानंतर पहिले काही शे किलोमीटर ती विशिष्ट रीतीने चालवावी लागते. या क्रियेला इंग्लंडात ‘रनिंग-इन’ आणि अमेरिकेत ‘ब्रेक-इन’ म्हणतात. मराठीत तिला एकच सर्वमान्य नाव नाही. ‘गाडी रुळू द्या’, ‘इंजिन मोकळे होऊ द्या’ आणि ‘नवी गाडी आहे, जपून चालवा’ असे तीन वाक्प्रयोग सामान्यत: ऐकू येतात. हे तिन्ही प्रयोग वरवर पाहता समानार्थी वाटतात. परंतु त्यांतून चालकाला सुचविली जाणारी कृती एकच नाही. जपणारा चालक गाडी हळू आणि रिकामी चालवितो. मोकळी करू पाहणारा चालक ती पहिल्याच दिवशी लांब रस्त्यावर सोडून देतो. रुळविणारा चालक तिच्यावर बेताबेताने काम टाकीत जातो. यांपैकी कोणती कृती इंजिनाच्या हिताची आहे, हे ठरविण्यासाठी इंजिनात प्रत्यक्ष काय घडते ते पाहणे आवश्यक आहे.

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत हा प्रश्न केवळ परिभाषेचा राहत नाही. मुरबाड तालुक्याच्या गावी अद्याप रेल्वे पोहोचलेली नाही. शहापूर तालुक्यातून कसाऱ्याकडे जाणारा लोहमार्ग आहे. पण आसनगाव, आटगाव, खर्डी ही स्थानके मागे टाकली की आतील गावे रस्त्यावरच अवलंबून आहेत. भात, भाजीपाला, विटा आणि माणसे यांची ने-आण टेंपो, पिकअप आणि जीप यांतून होते. असे वाहन बहुधा कर्ज काढून घेतलेले असते. कर्जाचे हप्ते फिटण्यापूर्वीच इंजिन धूर ओकू लागले आणि ऑइल खाऊ लागले, तर त्याचा भार सबंध कुटुंबावर पडतो. वाहनाबरोबर येणारी पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते, आणि तीतील सूचना चालकापर्यंत तोंडी पोहोचते. ती ज्या शब्दांत पोहोचेल त्या शब्दांप्रमाणे गाडी चालविली जाईल, हे उघड आहे.

२

इंजिनाच्या सिलिंडरची आतील भिंत, म्हणजे कारागिरांच्या भाषेत ‘बोअर’, डोळ्यांना गुळगुळीत दिसते. वस्तुत: ती हेतुपुरस्सर खडबडीत केलेली असते. भिंत कातून झाल्यावर अपघर्षक दगड बसविलेले एक हत्यार तीत फिरविले जाते. ते हत्यार स्वत:भोवती फिरत असतानाच खालीवरही होते. त्यामुळे भिंतीवर एकमेकींना तिरकस छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी उमटते. या क्रियेला ‘होनिंग’ म्हणतात. रेघांची खोली थोड्याच मायक्रॉनांची असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या रेघांत तेल साठून राहते आणि पिस्टनच्या कड्यांना, म्हणजे रिंगांना, वंगण मिळत राहते.

मोटारीच्या पिस्टनवर सामान्यत: तीन रिंगा असतात. वरच्या दोन रिंगा जळत्या वायूचा दाब अडवितात. तिसरी रिंग भिंतीवरील जादा तेल खरवडून खाली पाठविते. नव्या इंजिनात रिंगेचा कडा आणि भिंत यांचा स्पर्श सर्व परिघावर सारखा नसतो. दोन्ही पृष्ठांवर सूक्ष्म उंचवटे असतात आणि स्पर्श त्या उंचवट्यांच्या माथ्यांपुरताच होतो. हे माथे झिजून सपाट व्हावेत, पण त्यांच्यामधील तेल धरणाऱ्या दऱ्या शिल्लक राहाव्यात, हेच नव्या इंजिनाच्या आरंभीच्या प्रवासाचे प्रयोजन होय. असे झाले म्हणजे कारागीर ‘रिंगा बसल्या’ असे म्हणतात. ‘बसणे’ हे क्रियापद येथे फार नेमके आहे. पाया बसतो, घडी बसते, हात बसतो. या सर्व प्रयोगांत दाब, काळ आणि पुनरावृत्ती यांचा अर्थ अंतर्भूत आहे.

आता रिंग भिंतीवर कशाने दाबली जाते, हे पाहणे महत्त्वाचे आहे. रिंगेला स्वत:चा ताण असतो. पण तो अल्प असतो. इंधन जळल्यावर निर्माण होणारा वायू पिस्टनच्या खाचेतून रिंगेच्या पाठीमागे शिरतो आणि तिला बाहेरच्या दिशेने रेटतो. इंजिनावर भार अधिक असेल तर हा दाब अधिक असतो. भार नसेल तर दाब कमी पडतो. याचा अर्थ असा की, गाडी अति जपून, रिकामी आणि सदैव मंद चालविली तर रिंगेला भिंतीवर पुरेसा रेटा मिळत नाही. उंचवटे झिजण्याचे काम अर्धवट राहते, भिंतीवर उरलेले तेल उष्णतेने जळून तिच्यावर चकचकीत थर चढतो, आणि रेघांच्या दऱ्या बुजू लागतात. हा थर एकदा चढला की रिंगा बसण्याचे काम थांबते. पुढे इंजिन ऑइल खाऊ लागते, वायू रिंगांना ओलांडून खालच्या चेंबरमध्ये उतरतो, आणि अखेर इंजिन उघडून भिंतीवर पुन्हा रेघा पाडाव्या लागतात. वीज निर्माण करणारी डिझेल यंत्रे दीर्घकाळ अल्प भारावर चालविल्यास त्यांना हाच विकार जडतो, हे यंत्रशास्त्रात सर्वपरिचित आहे.

याच्या उलट टोकाला दुसरा धोका आहे. नव्या इंजिनावर एकदम पूर्ण भार टाकून ते दीर्घकाळ चालविले, तर उंचवट्यांच्या माथ्यांवर एवढी उष्णता निर्माण होते की तेथील तेलाचा पापुद्रा फाटतो. धातू धातूला क्षणमात्र चिकटतो आणि लगेच ओढून तोडला जातो. भिंतीवर उभे ओरखडे पडतात. त्याची पराकाष्ठा म्हणजे इंजिन ‘सीझ’ होणे, अर्थात पिस्टन भिंतीत अडकून बसणे. अतिदक्षता आणि अविचार ही दोन्ही टोके इंजिनाला सारखीच अपायकारक ठरतात, ती अशी.

३

ही क्रिया समजण्यास मराठी घरात पूर्वापार असलेले एक साधन उपयोगी पडते, ते म्हणजे जाते. दळून दळून जात्याच्या तळ्या गुळगुळीत झाल्या की पीठ नीट पडत नाही. अशा वेळी जात्याला टाकी लावतात, म्हणजे छिन्नीने तळ्यांवर पुन्हा बारीक खाचा पाडतात. टाकी लावलेल्या जात्यावर लगेच घरचे दळण दळीत नाहीत. प्रथम कोंडा किंवा हलके धान्य भरडून काढतात आणि त्यात उतरलेली दगडाची कच टाकून देतात. मग जाते चालू लागते.

यातील प्रत्येक पायरीला इंजिनात जोड आहे. टाकीच्या जागी होनिंग आहे. पहिल्या भरडीच्या जागी आरंभीचा प्रवास आहे. कच असलेल्या पिठाच्या जागी ज्यात धातूचे कण उतरले आहेत असे पहिले ऑइल आहे. हे कण फिल्टर अडवितो. तथापि पूर्वी पहिले ऑइल थोड्या अंतरानंतर काढून टाकण्याची पद्धत होती, ती याच कारणाने. आजच्या काही गाड्यांत पहिल्या तपासणीस ऑइल बदलीत नाहीत, केवळ पाहतात. याबाबत त्या त्या गाडीची पुस्तिका प्रमाण मानावी.

दुसरा दृष्टान्त जनावराचा. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा भरते आणि तेथील बैलबाजार प्रसिद्ध आहे. विकत घेतलेला गोऱ्हा औताला धरताना त्याला अनुभवी बैलाच्या जोडीस लावतात, प्रथम हलके काम देतात आणि मग भार वाढवितात. काम टप्प्याटप्प्याने वाढवावे, एवढा बोध या दृष्टान्तातून यथार्थ मिळतो. परंतु जनावराला विसाव्याने बळ येते. लोखंडाला येत नाही. ‘गाडी जपणे’ या प्रयोगामागे जनावराची किंवा तान्ह्या मुलाची प्रतिमा असते. ती इंजिनाला लावली म्हणजे गाडीला काम न देणे म्हणजेच तिची काळजी घेणे, असा विपरीत निष्कर्ष निघतो. जात्याचा दृष्टान्त या दोषापासून मुक्त आहे, कारण जाते दळल्याशिवाय बसत नाही हे सर्वांनाच ठाऊक असते.

४

तेलाच्या पापुद्र्याचे गणित थोडे अधिक स्पष्ट करणे आवश्यक आहे. दोन पृष्ठे एकमेकांवर सरकत असता त्यांच्यामध्ये टिकणाऱ्या तेलाची जाडी तीन गोष्टींवर अवलंबून असते : तेलाचा दाटपणा, सरकण्याचा वेग आणि पृष्ठांवरील भार. पहिल्या दोन गोष्टी वाढल्या की पापुद्रा जाड होतो. तिसरी वाढली की तो पातळ होतो. रिखार्ड श्ट्रिबेक या जर्मन संशोधकाने १९०२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून या संबंधाचा आलेख रूढ झाला. १९६६ साली इंग्लंडात पीटर जोस्ट यांच्या अहवालाने घर्षण, झीज आणि वंगण यांच्या एकत्रित अभ्यासाला ‘ट्रायबॉलॉजी’ हे नाव दिले. ‘घासणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून ते बनविलेले आहे. मराठीतील ‘वंगण’ हा शब्द मात्र बैलगाडीच्या आसापासून थेट मोटारीपर्यंत आलेला असून त्याला नवा शब्द घडविण्याची गरज पडली नाही.

या गणितावरून एक व्यावहारिक नियम निघतो. वरच्या गिअरमध्ये अगदी कमी वेगाने गाडी ओढविणे हे नव्या इंजिनाला घातक आहे. अशा वेळी इंजिनाचे फेरे कमी असतात म्हणून पापुद्रा पातळ असतो, आणि प्रत्येक स्फोटाचा भार मात्र मोठा असतो. इंजिन थरथरते, ‘गाडी उठत नाही’ असे चालक म्हणतो, तो हाच क्षण. पुष्कळ चालक इंधन वाचावे आणि गाडी जपली जावी या समजुतीने असे करतात. त्याऐवजी एक गिअर खाली घेऊन फेरे मध्यम ठेवणे हितावह आहे. त्याचप्रमाणे सकाळी इंजिन चालू करून ते जागेवरच बराच वेळ फिरवीत ठेवणे किंवा त्याला जोराने रेस देणे, या दोन्ही गोष्टी निरुपयोगी आहेत. थोड्या अवधीत गाडी सौम्यपणे चालू करावी आणि इंजिन चालता चालता तापू द्यावे.

५

शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतील रस्त्यांचे या दृष्टीने तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग मुंबई–नाशिक महामार्गाचा. पूर्वीचा हा आग्रा रस्ता शहापूर तालुक्यातून कसाऱ्याकडे जातो. तेथे गाडी एकाच वेगाने दीर्घकाळ धावते. इंजिन ‘मोकळे’ करण्यासाठी नवी गाडी याच रस्त्यावर सोडावी असे अनेकांना वाटते. परंतु एकाच वेगाने धावणाऱ्या इंजिनात भार आणि फेरे हे दोन्ही स्थिर राहतात, आणि रिंगांची झीज एकाच पद्धतीने होते. नव्या इंजिनाला भाराची चढउतार हवी असते. महामार्गावरून जाणे अपरिहार्य असेल तर थोड्या थोड्या अंतराने वेग कमीअधिक करावा.

दुसरा वर्ग घाटांचा. शहापूर तालुक्याच्या टोकाला कसारा घाट आणि मुरबाड तालुक्याच्या टोकाला माळशेज घाट, असे सह्याद्रीचे दोन मोठे चढ या भागाला लागून आहेत. १८६१ साली कसाऱ्यापर्यंत पोहोचलेला लोहमार्ग थळघाट चढून इगतपुरीला जाण्यास १८६५ साल उजाडले. सदतीस फुटांस एक फूट हा तेथील लोहमार्गाचा चढ गाडीला एकट्याने पेलत नाही म्हणून मदतीला जादा इंजिने जोडण्याची प्रथा पडली. मोटारीला असे साह्य मिळत नाही. भरलेल्या नव्या गाडीला हा चढ म्हणजे विसाव्याशिवाय चालणारा जड भार आहे, आणि वेग कमी असल्याने इंजिनाला थंड करणारी वाऱ्याची धावही तेथे कमी पडते. म्हणून पहिल्या काही शे किलोमीटरांत, विशेषत: भरलेली गाडी असताना, घाट टाळावा.

तिसरा वर्ग तालुक्यांच्या आतील रस्त्यांचा. शहापूरहून किन्हवली आणि सरळगाव मार्गे मुरबाडला जाणारा रस्ता किंवा मुरबाडहून म्हशाकडे जाणारा रस्ता हे या वर्गाचे नमुने होत. या रस्त्यांवर लहान चढ आणि उतार, वळणे, ओढ्यांवरील पूल, गावे आणि गतिरोधक एकामागून एक येतात. चालकाला वारंवार गिअर बदलावा लागतो. चढावर भार वाढतो, रिंग भिंतीवर रेटली जाते. मग लगेच उतार येतो, भार उतरतो, तापलेल्या पृष्ठांना निवण्यास आणि तेल पसरण्यास अवधी मिळतो. ज्या रस्त्याला सामान्यत: गैरसोयीचा म्हणून दोष दिला जातो, तोच नव्या इंजिनाला सर्वांत अनुकूल ठरतो. मात्र उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. ती गिअरमध्येच असावी. इंजिनाच्या दृष्टीने आणि सुरक्षिततेच्या दृष्टीनेही हेच योग्य आहे.

६

या भागातील एक रूढी येथे विचारात घ्यावी लागते. नवे वाहन बहुधा दसरा, गुढीपाडवा किंवा अक्षय्यतृतीया अशा मुहूर्तावर घेतले जाते आणि त्याचा पहिला प्रवास देवदर्शनाचा असतो. टिटवाळ्याचा गणपती किंवा वज्रेश्वरी ही स्थाने जवळची आहेत. तेथवरचा प्रवास इंजिनाला बाधक नाही. परंतु शिर्डी किंवा त्र्यंबकेश्वर हे ठिकाण ठरले, तर पहिल्याच दिवशी पूर्ण भरलेली गाडी महामार्गाने आणि कसारा घाटाने जाते. रूढीला छेद न देता उपाय करता येतो. पहिले दर्शन जवळच्या देवस्थानी घ्यावे आणि लांबची यात्रा गाडी रुळल्यानंतर करावी. ज्यांना घाट चढणे भागच आहे त्यांनी माणसे कमी बसवावीत, खालच्या गिअरमध्ये मध्यम फेऱ्यांवर चढावे, आणि उष्णतामापकाकडे लक्ष ठेवावे.

मालवाहू वाहनाचा प्रश्न निराळा आहे. त्याचा मालक पहिल्याच दिवसापासून कमाईची अपेक्षा करतो आणि ते स्वाभाविक आहे. म्हणून त्याला ‘महिनाभर रिकामी चालवा’ असा सल्ला देणे अव्यवहार्य आहे, आणि वर दाखविल्याप्रमाणे तो शास्त्रीयही नाही. बेताचा भार हा येथे योग्य मार्ग होय. प्रथम अर्धा माल, जवळच्या खेपा. नंतर वाढता माल, लांबच्या खेपा. आणि पूर्ण माल भरून घाट चढणे सर्वांत शेवटी. हा क्रम पाळला तर कमाई थांबत नाही आणि रिंगाही बसतात.

इंजिनाखेरीज इतर भागांनाही रुळावे लागते. ब्रेकचे पॅड आणि चकती यांचा स्पर्श सर्व पृष्ठावर सारखा होईपर्यंत जोराचे, दीर्घ ब्रेक टाळावेत. नव्या टायरची पकड थोडे अंतर गेल्यावरच पुरती येते. ओल्या रस्त्यावर हे विशेष ध्यानात ठेवावे. क्लच आणि मागील आसाचे गिअर यांनाही पहिल्या दिवसांत अतिभार नको. विजेवर चालणाऱ्या गाडीला पिस्टन आणि रिंगा नसल्या, तरी ब्रेक आणि टायर यांविषयीचा नियम तिलाही लागू आहे.

७

कालपरत्वे या क्रियेचे महत्त्व कमी झाले आहे काय, हा प्रश्न उपस्थित होतो. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी या गाड्या बाहेर पडत, त्या काळी नवी गाडी रुळविणे हे प्रत्येक मालकाचे आवश्यक कर्तव्य समजले जाई. इंग्लंडात तर अशा गाडीच्या मागील काचेवर ‘रनिंग-इन, कृपया पुढे जा’ अशा आशयाची पाटी लावण्याची पद्धत होती. त्यानंतर यंत्रकामात मोठी सुधारणा झाली. आज अनेक कारखान्यांत भिंतीवर रेघा पाडल्यानंतर उंचवट्यांचे माथे यंत्रानेच सपाट करून दऱ्या शिल्लक ठेवतात. पूर्वी जे काम रस्त्यावर होत असे त्याचा मोठा भाग आता कारखान्यातच उरकला जातो. ऑइलही पूर्वीपेक्षा अधिक चांगले आहे.

तथापि उरलेला भाग शून्य नाही, हे गाड्यांच्या पुस्तिकांवरूनच दिसते. सुझुकीच्या पुस्तिकांत आरंभीच्या ९६० किलोमीटरांसाठी सूचना आढळतात. इंजिनाला रेस देऊ नये, एकाच वेगाने दीर्घकाळ चालवू नये, वेग बदलता ठेवावा, वरच्या गिअरमध्ये मंद चालवू नये, असा त्यांचा आशय आहे. आणि पहिल्या ३२० किलोमीटरांत जोराने ब्रेक लावू नये असेही त्यांत सांगितलेले असते. ९६० आणि ३२० हे आकडे अनुक्रमे ६०० आणि २०० मैलांचे स्थूल रूपांतर होत. मैल गेले, किलोमीटर आले. जुन्या मोजमापाची खूण आकड्यात मात्र टिकून राहिली. यावरून आणखी एक गोष्ट लक्षात येते. ९६०व्या किलोमीटरला इंजिनात कोणतीही विशेष घटना घडत नाही. रिंगा बसण्याचे बरेचसे काम आरंभीच्या थोड्या अंतरातच होते आणि उरलेले हळूहळू चालू राहते. डिझेल इंजिनाला सामान्यत: अधिक अवधी लागतो. आकडा ही केवळ सोयीची सीमारेषा आहे.

८

आता आरंभी नमूद केलेल्या तीन प्रयोगांकडे वळता येईल. ‘जपणे’ हा शब्द अतिभाराच्या धोक्यापासून वाचवितो, पण अल्पभाराच्या धोक्यात लोटतो. ‘मोकळे होणे’ हा शब्द परिणामाचे वर्णन यथार्थ करतो. रुळलेले इंजिन खरोखरच हलके फिरते. पण तो परिणाम कसा साधावा हे त्यातून कळत नाही, आणि मोकळे करणे म्हणजे मोकळ्या रस्त्यावर पळविणे, असा अर्थ सहज घेतला जातो. ‘रुळणे’ या शब्दात सततचा वापर, क्रम आणि काळ या तिन्हींचा समावेश आहे. पायवाट रुळते ती चालून; नवा माणूस कामात रुळतो तो काम करून; परका शब्द भाषेत रुळतो तो बोलला जाऊन. यांपैकी कशालाही जपून बाजूला ठेवून रुळविता येत नाही, आणि एका दिवसातही रुळविता येत नाही.

म्हणून ‘रनिंग-इन’ला ‘रुळविणे’ हा प्रतिशब्द स्वीकारणे इष्ट वाटते. त्यासाठी संस्कृत धातूपासून नवी संज्ञा घडविण्याचे प्रयोजन नाही. शब्द बोलीत आहे, चालकांच्या तोंडी आहे, आणि त्याचा अर्थ यंत्रातील वस्तुस्थितीशी जुळतो. वाहन हाती देताना मराठीत सांगावयाची सूचना पुढीलप्रमाणे असावी : ‘गाडी रुळवा. बेताचा माल भरा, वेग बदलता ठेवा, चढावर खालचा गिअर घ्या, घाट आणि पूर्ण भार मागाहून.’ किन्हवलीच्या किंवा सरळगावच्या चालकाला यातील एकही शब्द समजावून सांगावा लागणार नाही, आणि ‘जपून चालवा’ एवढ्याच सूचनेने होणारे नुकसानही टळेल.